घरभर ओलावा देणारा ह्युमिडिफायर: निवड, बसवणी आणि वापर याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिनेसोटा, शिकागो, मिशिगन, टोरांटो, कॅलगरी अशा थंड भागांत पहिलं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांकडून दर हिवाळ्यात येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घरात फर्नेस (हवा तापवणारी भट्टी) आहे आणि गरम हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत जाते, असं बहुतेक उत्तरांत गृहीत धरलं आहे. तुमच्याकडे रेडिएटर किंवा बेसबोर्ड हीटिंग असेल तर त्याचा प्रश्न पुढे वेगळा आहे.

बाहेर बर्फ पडतोय, हवामानाचं ॲप ८० टक्के आर्द्रता दाखवतंय. मग घरातली हवा इतकी कोरडी कशी?

कारण ॲपवरचा आकडा सापेक्ष असतो. त्या तापमानाच्या हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, त्याच्या ८० टक्के, एवढाच त्याचा अर्थ. थंड हवेत मुळात वाफ मावतेच किती? २१ अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे १८ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं. उणे १८ अंशांना जेमतेम १ ग्रॅम.

बाहेरची शून्य अंशाची, ८० टक्के आर्द्रतेची हवा फटीतून आत आली आणि २१ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उरते. उणे १० ची हवा असेल तर ८ टक्के, उणे २० ची असेल तर ३ टक्के. आपलं श्वास घेणं, अंघोळी, भात-आमटी शिजणं, धुतलेले कपडे वाळणं यांमुळे घरातला आकडा याहून बराच वर राहतो. तरी ऐन जानेवारीत तो २० च्या खाली घसरलेला अनेक घरांत दिसतो.

म्हणजे फर्नेस हवा ‘सुकवत’ नाही, ती फक्त हवा तापवते. कोरडेपणा येतो बाहेरून, फटींतून.

आम्हाला गरज आहे की नाही, कसं ओळखायचं?

लक्षणं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. मुलांचा घोळणा फुटतो, रात्री घसा कोरडा पडून जाग येते, टाचांना भेगा पडतात, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो. लाकडी फरशीच्या पट्ट्यांमध्ये फटी दिसू लागतात. ज्यांच्या घरी वाद्यं आहेत त्यांना तर सगळ्यात आधी कळतं. तबल्याची पुडी ताणली जाऊन सूर चढतो, फार कोरड्या हवेत पुडी फाटतेही. तानपुऱ्याच्या भोपळ्याला तडा जाऊ शकतो. हार्मोनियमचं लाकूड आक्रसलं की भात्यातून हवा निसटायला लागते. भारतातून आणलेलं सागवानी देवघर किंवा पाट मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलेले असतील तर पहिल्याच हिवाळ्यात सांध्यांत उकलतात.

पण लक्षणांवर विसंबून यंत्र विकत घेऊ नका. आधी आर्द्रता मोजणारा एक डिजिटल हायग्रोमीटर आणा, शक्य तर दोन. स्वस्त हायग्रोमीटर चार-पाच टक्क्यांनी सहज चुकतो, म्हणून त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या बुचात साधं मीठ घेऊन त्यात थोडं पाणी घाला, मीठ ओलं होऊन लगदा व्हावा एवढंच. ते बूच आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ दिसायला हवा. ७१ दिसला तर तुमचा मीटर ४ ने कमी दाखवतो हे लक्षात ठेवून वाचा.

थंडीच्या दोन आठवड्यांत आकडा ३० च्या वर राहत असेल तर बहुधा तुम्हाला घरभराच्या यंत्राची गरज नाही. सतत २० च्या आसपास असेल तर पुढचं उत्तर आधी वाचा, मग यंत्राकडे वळा.

फटी बुजवण्याचा आणि ह्युमिडिफायरचा काय संबंध?

सगळा संबंध तिथेच आहे. गरम हवा वर चढते आणि ॲटिकच्या (छपराखालच्या माळ्याच्या) फटींतून निसटते, तिची जागा घ्यायला बेसमेंटच्या बाजूने कोरडी थंड हवा आत ओढली जाते. घर जितकं गळकं, तितकं जास्त पाणी रोज हवेत घालावं लागणार, आणि तेही वर जाऊन ॲटिकच्या थंड लाकडावर गोठणार. ओलावा घालण्याआधी तो टिकेल असं घर करणं हा माझा ठाम सल्ला आहे, आणि तो खिशालाही परवडतो.

कुठे बघायचं? ॲटिकचं झाकण, छतातल्या जुन्या पद्धतीच्या दिव्यांभोवतीच्या पोकळ्या, बेसमेंटच्या भिंतीच्या माथ्यावर जिथे लाकडी चौकट टेकते ती जागा, ड्रायरची नळी बाहेर पडते ते भोक. अनेक ठिकाणी गॅस किंवा वीज कंपनी सवलतीत घराची तपासणी करून देते. दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचतात आणि फटी कुठे आहेत ते दाखवतात. ती तपासणी जरूर करून घ्या.

जुना, चिमणीत धूर सोडणारा फर्नेस जळण्यासाठी घरातलीच हवा वापरतो, आणि तेवढी बाहेरची हवा आत येते. दोन प्लॅस्टिकच्या नळ्यांनी बाहेरूनच हवा घेणारा नवा फर्नेस बसवल्यावर कोरडेपणा कमी झाल्याचं दिसतं, ते यामुळे.

प्रकार किती आणि त्यांत फरक काय?

आज विकत घ्यावेत असे तीन.

पहिला बायपास. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात जो कूलर लावतात, त्याचंच तत्त्व इथे आहे: ओल्या जाळीतून हवा जाते आणि पाणी सोबत घेऊन निघते. फरक इतकाच की इथे हवा फर्नेसने तापवलेली असते. यंत्राला स्वतःचा पंखा नसतो. फर्नेसच्या गरम हवेच्या डक्टमध्ये दाब जास्त आणि परतीच्या डक्टमध्ये कमी असतो, त्या फरकानेच हवा जाळीतून वाहते. त्यासाठी दोन्ही डक्टना जोडणारी साधारण ६ इंचांची नळी टाकावी लागते. किंमत कमी, बिघडण्यासारखे भाग मोजके. बहुतेक घरांना हाच पुरतो.

दुसरा पंख्याचा. जाळी तीच, पण आत छोटा पंखा असतो, त्यामुळे जोडनळी लागत नाही. फर्नेसभोवती जागा अडचणीची असेल तर हा घ्या. क्षमता बायपासपेक्षा किंचितच जास्त. त्याला वेगळा वीजपुरवठा लागतो आणि थोडा आवाज होतो.

तिसरा स्टीम. पाणी उकळून वाफ थेट डक्टमध्ये सोडतो. फर्नेस तापलेला असण्याची गरज नाही, पंखा चालला की पुरे. घर मोठं असेल, फर्नेसऐवजी हीट पंप (उलट्या एसीसारखा घर तापवणारा) असेल, किंवा घरात मौल्यवान वाद्यं असल्याने आर्द्रता काटेकोर ठेवायची असेल तर याला पर्याय नाही. पण यंत्र महाग, मोठ्या क्षमतेसाठी २४० व्होल्टची स्वतंत्र लाइन हवी आणि विजेचं बिल चांगलंच जाणवतं.

चौथा प्रकार जुन्या घरांत सापडतो: पाण्याच्या तबकात फिरणारा स्पंजचा ड्रम. साचलेल्या कोमट पाण्यात बुरशी आणि जीवाणू वाढतात आणि तीच हवा घरभर फिरते. घराबरोबर असा ड्रम मिळाला असेल तर पाणी बंद करून तो काढून टाका. दुरुस्त करत बसू नका.

किती क्षमतेचा घ्यायचा? खोक्यावर तर नुसते चौरस फूट लिहिलेले असतात.

चौरस फुटांचा आकडा घर किती घट्ट आहे यावर फिरतो, म्हणून एक हिशेब करून बघू.

२,००० चौरस फुटांचं घर, छत ८ फूट. दर तासाला घरातली निम्मी हवा बदलते असं धरा. बाहेर उणे १८ अंश (० फॅरेनहाइट), आत २१ अंश आणि ३० टक्के आर्द्रता हवी (हे फक्त हिशेबासाठी, प्रत्यक्ष मर्यादा पुढच्या तक्त्यात आहे). तेव्हा दिवसाला सुमारे २६ लिटर पाणी हवेत घालावं लागतं, म्हणजे अमेरिकी मापाने ७ गॅलन. जुनं गळकं घर असेल आणि तासाला पूर्ण हवा बदलत असेल तर हाच आकडा १४ गॅलन होतो. घट्ट घरात साडेतीन, आणि त्यातलं बरंचसं पाणी चार माणसांच्या अंघोळी आणि स्वयंपाकातूनच मिळून जातं.

आता महत्त्वाची गोष्ट. खोक्यावरची क्षमता यंत्र २४ तास चालेल असं धरून लिहिलेली असते. बायपास मात्र फर्नेस पेटलेला असेल तेव्हाच पुरं काम देतो. फर्नेस दिवसातला निम्माच वेळ चालत असेल तर क्षमताही निम्मी समजा. एप्रिलएअर ६०० हे बायपास मॉडेल दिवसाला १७ गॅलनचं म्हणून विकलं जातं. वरच्या मधल्या घराला ते नेमकं बसतं, ते याच हिशेबाने. गळक्या घरात तेच अपुरं पडेल, आणि तिथे मोठं यंत्र घेण्याऐवजी फटी बुजवणं शहाणपणाचं.

आमच्याकडे फर्नेस नाही, हीट पंप आहे.

गॅस फर्नेसची हवा साधारण १२० ते १४० फॅरेनहाइटने येते, हीट पंपाची ९० ते १०० ने. कमी गरम हवा जाळीतून कमी पाणी उचलते. बायपास घ्यायचाच असेल तर तो गरम पाण्याच्या लाइनला जोडा, म्हणजे थोडी भरपाई होते. मला विचाराल तर हीट पंपाला स्टीमच.

घरात डक्टच नाहीत, रेडिएटर आहेत.

मग बायपास आणि डक्टला लावायचा पंख्याचा, दोन्ही बाद. स्वतःचा पंखा असलेला, भिंतीतून थेट खोलीत वाफ सोडणारा स्टीम ह्युमिडिफायर मिळतो, तो लावता येतो. नाहीतर जमिनीवर ठेवायचा जाळीचा मोठा ह्युमिडिफायर चांगला. अल्ट्रासॉनिक (पाण्याचं धुकं उडवणारा) घेतलात तर त्यात डिस्टिल्ड पाणी घाला. नळाच्या पाण्यातले क्षार धुक्याबरोबर हवेत उडतात आणि टीव्हीवर, पुस्तकांवर पांढरी पूड बसते. तीच पूड आपण श्वासातही घेतो.

आर्द्रता किती ठेवायची? ४५ टक्के छान वाटतं.

छान वाटतं, पण उणे १८ अंशांत ४५ टक्के ठेवलं तर घराचं नुकसान होईल. खिडकीच्या काचेवर आधी दव, मग बर्फ, मग चौकटीत काळी बुरशी. हे निदान डोळ्यांना दिसतं. भिंतीच्या आत आणि ॲटिकच्या छतफळ्यांवर जे पाणी धरतं ते दिसत नाही. थंडी ओसरली की छतातून ठिबकायला लागल्यावर कळतं. कोरड्या हवेचा त्रास अंगाला होतो आणि क्रीम-तुपाने निभावता येतो, कुजलेल्या लाकडाला मात्र हजारो डॉलर मोजावे लागतात.

म्हणून आकडा बाहेरच्या तापमानाप्रमाणे बदलायचा असतो. उत्पादक देतात तो नेहमीचा तक्ता असा:

बाहेर ४ अंश सेल्सिअस (४० फॅ.): ४५ टक्के
उणे १ (३० फॅ.): ४० टक्के
उणे ७ (२० फॅ.): ३५ टक्के
उणे १२ (१० फॅ.): ३० टक्के
उणे १८ (० फॅ.): २५ टक्के
उणे २३ (उणे १० फॅ.): २० टक्के
उणे २९ (उणे २० फॅ.): १५ टक्के

या कमाल मर्यादा आहेत. तुमच्या खिडक्या तीन काचांच्या, नव्या असतील तर थोडं वर जाता येईल. एका काचेच्या असतील तर याहूनही खाली राहा. सकाळी उठल्यावर बेडरूमच्या खिडकीची खालची कड बघा. तिथे पाणी साचलं असेल तर ५ टक्क्यांनी उतरवा. जाड पडदे आणि खिडकीला टेकलेलं फर्निचर काच आणखी थंड ठेवतात, तेही सरकवा.

रोज आकडा फिरवणं जमणार नसेल तर बाहेरच्या तापमानाचा सेन्सर असलेला ह्युमिडिस्टॅट (आर्द्रतेचा थर्मोस्टॅट) घ्या. इकोबीसारख्या थर्मोस्टॅटमध्ये बाहेरचं हवामान बघून आर्द्रता आपोआप उतरवण्याची सोय असते. चार पैसे जास्त गेले तरी इथे काटकसर करू नका.

स्वतः बसवता येईल का?

बायपास येईल, पत्रा कापण्याची आणि छोट्या वायरिंगची सवय असेल तर. स्टीमसाठी इलेक्ट्रिशियन बोलवा. टाउनहाउस किंवा कॉन्डो असेल तर आधी असोसिएशनला विचारा, आणि परमिट लागतं का हे शहराच्या बिल्डिंग खात्याला.

फर्नेसचा ब्रेकर आणि पाणी दोन्ही बंद करून सुरुवात करा. पहिलं काम जागा ठरवण्याचं. एसीची कॉइल बहुतेक घरांत फर्नेसच्या डोक्यावर, गरम हवेच्या डक्टच्या पेटीत असते. तिथे आंधळेपणाने भोक पाडलं आणि कॉइलला छेद गेला तर एसीतला गॅस निघून जाईल आणि एसी बदलावा लागेल. म्हणून यंत्राचं मुख्य अंग शक्यतो परतीच्या डक्टवर बसवतात आणि गरम हवेच्या बाजूला कॉइलच्या वर नुसती नळीची तोटी घेतात. पॅड (म्हणजे ती ओली जाळी) बदलायला झाकण पुढे उघडावं लागतं, तेवढी मोकळी जागा समोर ठेवा.

सोबत आलेला कागदी साचा लेव्हल लावून चिकटवा आणि त्याप्रमाणे पत्रा कापा. लेव्हलकडे दुर्लक्ष करू नका. यंत्र तिरकं बसलं की पाणी पॅडच्या एकाच कडेने उतरतं आणि निम्मा पॅड कोरडा राहतो.

पाण्यासाठी पेटीत बहुधा सुईसारखा टोचणारा सॅडल व्हॉल्व्ह येतो. तो वापरू नका. काही वर्षांत तो गळतो किंवा बुजतो, आणि अनेक ठिकाणच्या प्लंबिंग नियमांत तो चालत नाही. पाइप कापून टी बसवा आणि त्याला पाव वळणात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह लावा.

निचऱ्याची नळी जमिनीतल्या ड्रेनपर्यंत सतत उतरती जायला हवी, मध्ये कुठेही झोळ नको. जवळ ड्रेन नसेल तर कंडेन्सेट पंप लावा, आणि पंप भरून वाहू लागला तर यंत्र बंद करणारा त्याचा सुरक्षा स्विच जोडायला विसरू नका.

वायरिंगमध्ये एक सापळा आहे. फर्नेसच्या बोर्डवर ‘हम’ असं लिहिलेलं टर्मिनल असतं. काही फर्नेसवर ते २४ व्होल्ट देतं, काहींवर १२०. ह्युमिडिफायरचा पाण्याचा व्हॉल्व्ह २४ व्होल्टचा असतो. मल्टिमीटरने मोजल्याशिवाय जोडू नका. १२० निघाले तर मध्ये ट्रान्सफॉर्मर लागेल.

सगळं झाल्यावर यंत्र चालू करून निचऱ्यातून पाणी येतंय ना ते पाहा आणि यंत्राखाली कोरडा कागद पसरून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यावर एकही डाग नसावा. हळूहळू ठिबकणारं पाणी फर्नेसच्या हीट एक्स्चेंजरवर (ज्वाळेची उष्णता हवेला देणाऱ्या धातूच्या भागावर) पडलं तर तो गंजतो, आणि गंजून फुटलेल्या एक्स्चेंजरमधून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. कागदावर डाग दिसला तर त्याच दिवशी पाणी बंद करा.

सॉफ्टनरचं (जडपणा काढलेलं) पाणी चालतं का? आरओचं?

जाळीच्या यंत्राला सॉफ्टनरचं चालतं. आरओचं पाणी जाळीला उत्तमच, पण स्टीममध्ये नको: बहुतेक घरगुती स्टीम यंत्रं पाण्यातून वीज सोडून ते तापवतात, आणि क्षार नसलेल्या पाण्यातून वीज वाहत नाही.

ड्रेनमधून सारखं पाणी जातंय. बिघाड आहे का?

नाही, रचनाच तशी आहे. एप्रिलएअर ६०० मध्ये तासाला साधारण ३ गॅलन पाणी सुटतं आणि जास्तीत जास्त ०.७ गॅलन हवेत जातं. उरलेलं पाणी क्षार धुऊन नेतं, म्हणून पॅड स्वच्छ राहतो. गरम पाण्याला जोडलं असेल तर मात्र तापवलेलं पाणी वाया जातं, हे बिलात धरा. पंपाचं किंवा विहिरीचं पाणी जपून वापरणाऱ्यांनी हाही मुद्दा ठरवताना बघावा.

ह्युमिडिफायरने हीटिंगचं बिल कमी होतं म्हणतात.

यावर विसंबून खरेदी करू नका. ओलसर हवेत थर्मोस्टॅट एखाद-दोन अंश खाली ठेवला तरी बरं वाटतं, हे खरं. पण पाण्याची वाफ करायला उष्णता लागते, लिटरमागे जवळजवळ ०.७ युनिट. वरच्या २६ लिटरचा हिशेब केला तर रोज १८-१९ युनिट. स्टीममध्ये ती वीज असते, बायपासमध्ये तीच उष्णता फर्नेसच्या गॅसमधून जाते. ह्युमिडिफायर घ्या तो नाकासाठी, त्वचेसाठी, लाकडासाठी आणि वाद्यांसाठी.

घरात एचआरव्ही (उष्णता राखून घरातली हवा बदलणारं यंत्र) आहे.

कॅनडातल्या नव्या घरांत असतो. तो शिळी ओली हवा बाहेर टाकून ताजी कोरडी हवा आत आणतो, म्हणजे हिवाळ्यात घर सुकवतो. ह्युमिडिफायर घेण्याआधी त्याचा वेग कमी करून आठवडाभर आकडा बघा. पुढे तो बदलायची वेळ आली तर ईआरव्ही घ्या. तो बाहेर जाणाऱ्या हवेतला काही ओलावा परत आत आणतो.

घरात तान्हं बाळ आहे, आजोबांना दमा आहे. जास्त ओलावा ठेवू का?

तक्त्याच्या वर नको. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्य तर ३० ते ५० मध्ये ठेवायला सांगते. दमट घरात धुळीतले सूक्ष्म किडे आणि बुरशी वाढते, आणि दम्याला ती कोरड्या हवेइतकीच वाईट. कडाक्याच्या थंडीत बाळाच्या खोलीपुरता छोटा ह्युमिडिफायर दार लोटून लावा, रोज पाणी बदला, आणि औषधोपचाराचं डॉक्टरांना विचारा.

देखभाल किती?

बायपासला वर्षातून एकदा, हिवाळा सुरू होताना नवा पॅड. पाणी जड असेल तर हंगामात दोनदा. त्याच वेळी वरची पाणी पसरवणारी पन्हळ व्हिनेगरने धुवा आणि निचऱ्याच्या नळीत पाणी ओतून ती मोकळी आहे ना ते बघा. स्टीमचा डबा साधारण वर्षाला बदलावा लागतो आणि तो पॅडच्या कितीतरी पट महाग असतो, हे घेतानाच विचारून ठेवा.

उन्हाळ्यात काय करायचं?

पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, ह्युमिडिस्टॅट बंद, पॅड काढून टाकायचा आणि जोडनळीतला डॅम्पर (हवा अडवणारी झडप) ‘समर’ वर फिरवायचा. डॅम्पर उघडा राहिला तर एसीची थंड हवा खोल्यांत न जाता सरळ परतीच्या डक्टमध्ये वळते, घर थंड होत नाही आणि कॉइलवर बर्फ धरू शकतो. जुलैमध्ये एसी नीट चालत नाही म्हणून मेकॅनिकला फोन करण्याआधी बेसमेंटमध्ये जाऊन हा डॅम्पर बघून या.